विष्णू सखाराम खांडेकर

विष्णू सखाराम ऊर्फ भाऊसाहेब खांडेकर (जानेवारी १८९८, सांगली – २ सप्टेंबर १९७६, मिरज) हे मराठीतील कादंबरीकार, कथाकार, लघुनिबंधकार आणि समीक्षक होते. ‘ययाति’ या कादंबरीचे लेखक म्हणून ते सर्वाधिक ओळखले जातात. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना देण्यात आला आणि तो मिळवणारे ते पहिले मराठी साहित्यिक ठरले. सुमारे सोळा कादंबऱ्या, विपुल कथा, रूपककथा, लघुनिबंध, समीक्षालेख आणि काही चित्रपटकथा असा त्यांच्या लेखनाचा विस्तार आहे.

मराठी कादंबरीच्या इतिहासात खांडेकरांचे स्थान आणखी एका कारणाने वेगळे आहे. कादंबरी लिहून वाचकाच्या हाती दिली म्हणजे लेखकाचे काम संपले, असे त्यांनी मानले नाही. तिचे बीज मनात कसे पडले, ते किती काळ रुजत राहिले, शीर्षक असेच का ठेवले, याविषयी ते प्रस्तावनांमधून वाचकाशी विस्ताराने बोलत. वाचकांची पत्रे हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग होता. लेखनाची कला हा लेखक आणि वाचक या दोघांच्या आस्थेचा विषय आहे, ही त्यांची धारणा होती. या धारणेमुळे त्यांना मोठा वाचकवर्ग लाभला, आणि त्यांच्यावरील सर्वांत गंभीर आक्षेपही याच धारणेतून निर्माण झाला.

== बालपण, शिक्षण आणि दत्तकविधान ==

खांडेकरांचे जन्मनाव गणेश आत्माराम खांडेकर. बालपण व शालेय शिक्षण सांगलीत झाले. विष्णुदास भाव्यांच्या आणि देवलांच्या परंपरेमुळे सांगली ही नाटकवेड्यांची नगरी होती, आणि नाटक व वाचन ही दोन्ही व्यसने खांडेकरांना तेथेच जडली. १९१३ मध्ये ते मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. पुण्यात त्यांचा राम गणेश गडकरी यांच्याशी परिचय झाला. गडकऱ्यांची कल्पनाशक्ती, कोट्या आणि शब्दांची आतषबाजी यांचा तरुण खांडेकरांवर खोल संस्कार झाला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे त्यांचे दुसरे दैवत. ज्या लेखकांवर आपण भक्ती केली, त्यांच्याकडे पुढे चिकित्सक नजरेनेही पाहता आले पाहिजे, याचे उदाहरण खांडेकरांनी स्वतःच घालून दिले. त्यांचा ‘गडकरी : व्यक्ती आणि वाङ्मय’ हा ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गौरव आहे, तसे परखड मूल्यमापनही आहे.

१९१६ मध्ये सावंतवाडी संस्थानातील नाणेली येथील सखाराम खांडेकर या नात्याने चुलते असलेल्या गृहस्थांनी त्यांना दत्तक घेतले आणि गणेश आत्मारामाचा विष्णू सखाराम झाला. या दत्तकविधानाने त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. पदवी पूर्ण न करता त्यांना पुणे सोडावे लागले आणि देशावरच्या शहरात वाढलेला हा तरुण दक्षिण कोकणातील खेड्यांत येऊन पडला.

आरंभी ते ‘कुमार’ या नावाने कविता आणि ‘आदर्श’ या नावाने विनोदी व टीकात्मक लेखन करीत. कवितेची वाट त्यांनी लवकरच सोडली. तिचे अवशेष मात्र त्यांच्या गद्यात कायम राहिले.

== शिरोडे ==

१२ एप्रिल १९२० रोजी खांडेकर शिरोडे येथील ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. अ. वि. बावडेकर यांनी स्थापन केलेली ही शाळा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. खांडेकर पुढे तेथे मुख्याध्यापक झाले आणि १९३८ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, त्यांनी या शाळेत काढली. समुद्र, मिठागरे, माडाच्या बागा, अठराविश्वे दारिद्र्य आणि तुटपुंजा पगार अशा वातावरणात त्यांच्यातील लेखक घडला. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाने याच गावाला महाराष्ट्राच्या नकाशावर आणले.

शिक्षकी पेशाचा त्यांच्या लेखनाशी असलेला संबंध वरवरचा नाही. वर्गातील सर्वांत मागच्या बाकावर बसलेल्या मुलापर्यंत विषय पोहोचला पाहिजे, ही शिक्षकाची ओढ त्यांच्या गद्यात सतत जाणवते. एखादा विचार ते एकदा साध्या शब्दांत मांडतात, मग उपमेने उजळतात आणि शेवटी सुभाषितासारख्या वाक्यात बांधून देतात. फळ्यावर लिहिलेले वाक्य मुलांनी वहीत उतरवून घ्यावे, तशी त्यांची वाक्ये महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी वहीत उतरवून घेतली.

त्यांची ‘घर कोणाचे?’ ही कथा १९२३ मध्ये ‘महाराष्ट्र साहित्य’ मासिकात प्रसिद्ध झाली. सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकाशी त्यांचा निकटचा संबंध होता आणि तेथेच त्यांच्या लघुनिबंधाने बाळसे धरले. ‘रंकाचे राज्य’ हे नाटकही त्यांनी लिहून पाहिले, परंतु रंगभूमी हा आपला प्रांत नव्हे हे त्यांनी वेळीच ओळखले. ‘हृदयाची हाक’ ही पहिली कादंबरी १९३० मध्ये आली तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते. नंतर ‘कांचनमृग’ (१९३१), ‘उल्का’ व ‘दोन ध्रुव’ (दोन्ही १९३४), ‘हिरवा चाफा’ व ‘दोन मने’ (दोन्ही १९३८) अशी कादंबऱ्यांची मालिकाच सुरू झाली.

यांपैकी ‘उल्का’ लेखनतंत्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. ध्येयवादी शिक्षकाची मुलगी येथे स्वतःची कहाणी स्वतःच सांगते. सर्वज्ञ निवेदकाला बाजूला सारून पात्राच्या तोंडी कथा देण्याची ही पद्धत खांडेकरांना मानवली, कारण त्यांना घटनेपेक्षा घटनेनंतर मनात उठणाऱ्या प्रतिध्वनीत अधिक रस होता. हरी नारायण आपट्यांनी ‘पण लक्ष्यात कोण घेतो?’मध्ये यमूला बोलते केले होते, त्या परंपरेशी ‘उल्का’चे नाते आहे.

== प्रस्तावना ==

खांडेकरांच्या बहुतेक पुस्तकांना त्यांची स्वतःची प्रस्तावना आहे. ‘दोन शब्द’ किंवा ‘चार शब्द’ अशा नम्र मथळ्याखाली येणारे हे लेखन प्रत्यक्षात अनेक पृष्ठांचे असते. त्याची धाटणीही ठरावीक नाही. कधी एखाद्या प्रवासात पाहिलेले दृश्य, कधी वर्तमानपत्रातील बातमी, कधी कोणा परिचिताच्या संसाराची शोकांतिका, तर कधी लहानपणी ऐकलेली पुराणकथा येथून ते सुरुवात करतात आणि त्या ठिणगीपासून कादंबरी कशी पेटत गेली हे सांगतात. अनुभव आणि कलाकृती यांत किती अंतर असते, हा या प्रस्तावनांचा आवडता विषय आहे. ‘ही नायिका खरी कोण?’ हा वाचकाचा नेहमीचा प्रश्न ते टाळत नाहीत. खऱ्या व्यक्तीचा अंश पात्रात उतरत असला तरी ते पात्र अनेक माणसांच्या स्मृतींतून आणि लेखकाच्या स्वतःच्या मनातून घडते, हे ते वाचकाला समजावून देतात.

शीर्षकांबद्दलही ते असेच बोलतात. ध्रुव, मने, चाफा, ढग, देव्हारा, मोहोर अशी त्यांची शीर्षके बहुधा प्रतिमा असतात आणि ती प्रतिमा कादंबरीभर सूत्रासारखी फिरते. ‘क्रौंचवध’ (१९४२) या शीर्षकामागे वाल्मीकीची कथा आहे. व्याधाच्या बाणाने क्रौंच पक्षी पडला आणि त्या शोकातून आदिकाव्य जन्मले. सुलू, दिलीप आणि संस्कृतच्या अध्यापनात आयुष्य घालवलेले दादासाहेब यांच्या कथेला खांडेकरांनी या प्रसंगाची चौकट दिली. दुसऱ्याचे दुःख पाहून ज्याचे काळीज हलते त्यानेच लिहावे, अशी त्यांची साहित्याविषयीची भूमिका होती, आणि ती या कादंबरीच्या रचनेतच गोवलेली आहे.

नवोदितांच्या पुस्तकांनाही त्यांनी प्रस्तावना लिहिल्या. यांतील सर्वांत फलदायी ठरली ती कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ या काव्यसंग्रहाची. ‘ज्योत्स्ना’ मासिकातून कुसुमाग्रजांची कविता वाचून खांडेकर भारावले होते. १९४२ मध्ये हा संग्रह त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन प्रकाशित केला आणि त्याला प्रस्तावनाही लिहिली. एका तरुण कवीच्या बाबतीत येथे खांडेकर वाचकाच्या भूमिकेत होते, आणि आवडलेल्या लेखकासाठी वाचकाने काय करावे याचा तो वस्तुपाठ ठरला. मराठीला दुसरे ज्ञानपीठ मिळाले ते १९८७ मध्ये, कुसुमाग्रजांना.

== फडके आणि खांडेकर ==

त्या काळात मराठी कादंबरीचे दोन मानकरी मानले जात. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर. फडके कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि १९३८ मध्ये खांडेकरही कोल्हापुरास येऊन स्थायिक झाल्यामुळे दोघे एकाच गावचे झाले. साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही दोघांना लागोपाठ मिळाले. फडके १९४० मध्ये रत्नागिरीला अध्यक्ष होते, तर खांडेकर १९४१ मध्ये सोलापूरला.

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या गाजलेल्या वादात ही दोन नावे परस्परविरुद्ध बाजूंना घेतली जातात. त्या वादाची आज बरीचशी धग ओसरली आहे. मात्र कादंबरी लिहावी कशी, या प्रश्नाला दोघांनी वाचकांना दिलेली उत्तरे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात कथानक, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, पात्रचित्रण, निवेदन यांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. कादंबरीला तंत्र असते आणि ते शिकता येते, हा विश्वास त्यांनी असंख्य होतकरू लेखकांना दिला. मराठीत असा ग्रंथ नव्हता आणि त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. खांडेकरांनी असा ग्रंथ लिहिला नाही. त्यांनी सर्वसामान्य नियम सांगण्याऐवजी एका विशिष्ट कादंबरीची जन्मकथा सांगितली, मग दुसरीची, मग तिसरीची. फडक्यांचे वाचन केलेल्या माणसाला कादंबरीची रचना कळते. खांडेकरांच्या प्रस्तावना वाचलेल्याला लेखकाची अस्वस्थता कळते. लिहू पाहणाऱ्या वाचकाला दोन्हींचा उपयोग झाला. पुढील पिढीने दोघांनाही नाकारले, हा भाग वेगळा.

== चित्रपट ==

कोल्हापूरला येण्याचे निमित्त चित्रपट होते. मास्टर विनायक यांच्या हंस पिक्चर्ससाठी त्यांनी लिहिलेला ‘छाया’ (१९३६) गाजला. त्यानंतर ‘ज्वाला’ (१९३८), ‘देवता’ (१९३९), ‘अमृत’ (१९४१) इत्यादी चित्रपटांच्या कथा त्यांनी लिहिल्या. या माध्यमाने त्यांना आर्थिक स्थैर्य दिले आणि सावंतवाडी–शिरोड्याच्या पलीकडचा प्रेक्षकही दिला. तथापि चित्रपट त्यांच्या प्रकृतीचा नव्हता. मनात चालणारे द्वंद्व पडद्यावर दाखवण्यासाठी संवादांचा आधार घ्यावा लागे आणि संवाद भाषणांकडे झुकत.

== अकरा वर्षांचे मौन ==

‘क्रौंचवध’नंतर ‘अश्रू’ ही पुढची कादंबरी येईपर्यंत सुमारे अकरा वर्षे लोटली. वर्षा-दोन वर्षांना एक कादंबरी देणाऱ्या, लोकप्रियतेच्या शिखरावरील लेखकाचे हे मौन असाधारण होते. या काळात ते लेखन सोडून बसले नव्हते. ‘कलिका’ (१९४३), ‘मृगजळातल्या कळ्या’ (१९४४) हे रूपककथांचे संग्रह याच वर्षांतले. रूपककथा हा प्रकार मराठीत त्यांनीच रुजवला. ‘मराठीचा नाट्यसंसार’ (१९४५) हा ग्रंथही याच काळातला. कथा आणि समीक्षा चालू होती. फक्त कादंबरी येत नव्हती.

याचे स्पष्टीकरण त्या दशकातच शोधावे लागते. महायुद्ध, बेचाळीसचे आंदोलन, फाळणी, गांधीहत्या, आणि स्वातंत्र्यानंतर लवकरच दिसू लागलेला काळाबाजार व भ्रष्टाचार यांनी त्यांच्या कादंबरीचा पायाच हलवला. १९३० च्या दशकातील त्यांचा नायक समाजासाठी त्याग करायला निघत असे, आणि समाज त्याग करणाऱ्याच्या बाजूने आहे हे कादंबरीत गृहीत असे. ते गृहीत आता टिकत नव्हते. साहित्यातही वारे बदलले होते. मर्ढेकरांची कविता, गंगाधर गाडगीळ व अरविंद गोखले यांची नवकथा, व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसे’, श्री. ना. पेंडशांच्या कादंबऱ्या यांनी वाचकाची अभिरुची निराळी घडवायला आरंभ केला होता. प्रत्येक पुस्तकाबरोबर वाचकाला आपल्या लेखनाचा हिशेब देणाऱ्या लेखकाला, हिशेब जुळत नसताना कादंबरी लिहिता येऊ नये, हे त्याच्या प्रामाणिकपणाला धरूनच होते.

मौन सुटले ते एका शिक्षकाच्या कथेने. ‘अश्रू’मधील शंकर हा गरीब, सरळमार्गी शाळामास्तर आहे. तो क्रांती करीत नाही, तुरुंगात जात नाही, भाषणे देत नाही. बदलत्या जगात प्रामाणिक राहण्याची त्याची धडपड आणि त्या धडपडीत त्याची पत्नी उमा हिची होणारी ओढाताण, एवढाच या कादंबरीचा विषय. खांडेकरांच्या कादंबऱ्यांतील नायकाची उंची येथे कमी झाली, आणि त्यामुळे तो अधिक खरा वाटू लागला. ‘ययाति’च्या तेजापुढे ‘अश्रू’ झाकोळली गेली. तिला मिळायला हवा होता तितका न्याय मिळालेला नाही.

== ययाति ==

‘ययाति’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. महाभारताच्या आदिपर्वातील कथा सर्वांना ठाऊक आहे. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वार्धक्य आलेला राजा ययाति आपल्या मुलाचे तारुण्य मागून घेतो, हजार वर्षे भोग घेतो, आणि उपभोगाने वासना शमत नाही हे उमगल्यावर ते परत करतो. खांडेकरांनी हे कथानक घेतले आणि ते आतून बदलले.

पहिला बदल निवेदनाचा. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आळीपाळीने आपली बाजू स्वतःच मांडतात. एकच प्रसंग दोन तोंडांनी ऐकायला मिळतो आणि कोणाचेच म्हणणे पूर्ण सत्य ठरत नाही. देवयानीच्या निवेदनातला तिचा अहंकार तिला स्वतःला दिसत नाही, पण वाचकाला दिसतो. ययाति आपल्या प्रत्येक पतनासाठी कारण शोधतो, आणि ती कारणे इतकी ओळखीची असतात की वाचक अस्वस्थ होतो. ‘उल्का’ आणि ‘क्रौंचवध’ यांतून खांडेकर या तंत्राचा जो अभ्यास करीत आले होते, त्याचे परिपक्व रूप येथे आहे.

दुसरा बदल पात्रांचा. महाभारतातील कच संजीवनी विद्या घेऊन स्वर्गात परततो आणि कथेतून नाहीसा होतो. कादंबरीतला कच मात्र शेवटपर्यंत राहतो. तो ययातिच्या भोगवादाच्या समोर उभा असलेला संयमी, तरीही माणसांवर प्रेम करणारा पुरुष आहे. ययातिचा थोरला भाऊ यति हा महाभारतात जेमतेम उल्लेखापुरता आहे. खांडेकरांनी त्याच्यातून देहाचा आणि स्त्रीचा द्वेष करणारा विकृत तपस्वी उभा केला. भोगाचा अतिरेक करणारा एक भाऊ आणि वैराग्याचा अतिरेक करणारा दुसरा, असा हा तोल आहे. तो काहीसा भूमितीच्या आकृतीसारखा आखीव आहे हे खरे, परंतु यतिचे चित्रण त्या आखीवपणालाही पुरून उरते.

तिसरा बदल शेवटाचा. हजार वर्षांचा उपभोग कादंबरीत नाही. पुरूने तारुण्य दिल्यानंतर अल्पावधीतच ययाति जागा होतो. पौराणिक काळमापन काढून टाकल्यामुळे पश्चात्ताप माणसाच्या आयुष्याच्या मापात बसला.

कादंबरीला जोडलेल्या विवेचनात खांडेकरांनी या सर्व बदलांची वाचकाशी चर्चा केली आहे. ही कादंबरी पौराणिक नसून पुराणातील कथेचा आधार घेतलेली स्वतंत्र कादंबरी आहे, हे त्यांनी आरंभीच स्पष्ट केले. यंत्रयुगात सुखाची साधने वाढली आणि त्यांच्यामागे धावणारा सामान्य माणूसच त्यांना ययातिच्या रूपात दिसला, हे त्यांनी सांगितले. कालिदासाच्या शाकुंतलातील एका तपशिलाकडेही त्यांनी लक्ष वेधले. सासरी निघालेल्या शकुंतलेला कण्व आशीर्वाद देतात तो ययातिला शर्मिष्ठा जशी प्रिय होती तशी तू पतीला प्रिय हो, असा. राजाची विवाहित राणी देवयानी, मग कण्वांसारख्या ऋषीने उदाहरण शर्मिष्ठेचे का द्यावे? अशा एका खटकणाऱ्या जागेपाशी थांबून विचार करणे ही कादंबरीकाराची खरी शाळा होय, आणि खांडेकर वाचकाला हात धरून त्या जागेपाशी नेतात. दासी झालेली शर्मिष्ठा त्यांच्या कादंबरीचा नैतिक कणा कशी बनली, हे त्यावरून समजते.

‘ययाति’ला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. काही वाचकांना तिच्यातील कामवासनेचे चित्रण धीट वाटले, तर काहींना कचाच्या मुखातील तत्त्वचिंतन जड झाले. आवृत्त्या मात्र निघतच राहिल्या, आणि आजही निघतात.

== वाचकांची पत्रे आणि परप्रांतीय वाचक ==

खांडेकरांना येणाऱ्या पत्रांची संख्या मोठी होती. कादंबरीतील पात्रांविषयी विचारणारी, स्वतःच्या संसारातील पेच मांडणारी, सोबत कथा-कविता पाठवून अभिप्राय मागणारी अशी ही पत्रे असत आणि खांडेकर त्यांना उत्तरे पाठवीत. दृष्टी अधू झाल्यानंतर पत्रे वाचून घेऊन ते उत्तरे सांगत. लेखनाविषयी सल्ला मागणाऱ्या नवोदिताला जे मार्गदर्शन त्यांच्याकडून मिळे, ते त्यांच्या प्रस्तावनांशी सुसंगत होते. आधी भरपूर वाचा, भोवतालचे जीवन डोळे उघडे ठेवून पाहा, आणि लिहिलेले लगेच छापायला धावू नका, या धर्तीचे.

‘अमृतवेल’ (१९६७) या कादंबरीत पत्र हे साधनच कथनाच्या केंद्रस्थानी आले. प्रियकराच्या अपघाती मृत्यूने उद्ध्वस्त झालेल्या नंदाला तिचे वडील लिहितात ते सांत्वनपत्र या कादंबरीतील सर्वांत लोकप्रिय भाग आहे. कादंबरी न वाचलेल्यांनीही त्या पत्रातील ओळी कोठे ना कोठे वाचलेल्या असतात. लेखकाने आयुष्यभर अनोळखी वाचकांना लिहिलेल्या उत्तरांचा सूर त्या काल्पनिक पत्रात ऐकू येतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

मराठीच्या बाहेरही त्यांना वाचक मिळाले, आणि ही गोष्ट फारच थोड्या मराठी कादंबरीकारांच्या वाट्याला आली आहे. गुजरातीत गोपाळराव विद्वांस यांनी आणि तमिळमध्ये का. श्री. श्रीनिवासाचार्य यांनी त्यांच्या कादंबऱ्यांचे अनुवाद केले. तमिळनाडूत तर खांडेकर हे घराघरांत पोहोचलेले नाव झाले. हिंदीतही त्यांची पुस्तके उपलब्ध झाली. ‘ययाति’चा इंग्रजी अनुवाद य. पां. कुलकर्णी यांनी केला. शब्दांच्या कोट्या अनुवादात टिकत नाहीत, हे लक्षात घेता परभाषेतील वाचकांनी त्यांच्यात काय पाहिले हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. अलंकार गळून पडल्यावर उरणारी भावनेची आणि नैतिक संघर्षाची घडण तेथील वाचकांना भिडली असावी.

== आक्षेप ==

खांडेकरांवर घेतले गेलेले आक्षेप सामान्यतः तीन आहेत. त्यांची भाषा अलंकारांनी लडबडलेली आहे. त्यांच्या कथानकांत योगायोग फार आहेत. आणि त्यांची पात्रे माणसांपेक्षा विचारांची वाहने अधिक आहेत. पहिले दोन आक्षेप मान्य करावे लागतात. गडकऱ्यांच्या शैलीचा मोह त्यांना पूर्णपणे कधीच सोडवला नाही, आणि एका परिच्छेदात तीन उपमा आल्या तर त्यांतील दोन काढता आल्या असत्या हे त्यांच्या चाहत्यालाही जाणवते.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि त्याचा थेट संबंध प्रस्तावनांशी आहे. कादंबरीचा अर्थ लेखकानेच आधी सांगून टाकला तर वाचकाला शोधायला काय उरले, असे टीकाकारांचे म्हणणे होते. अर्थ सांगण्याची सवय प्रस्तावनेत थांबत नाही, ती कादंबरीतही उतरते, पात्रे स्वतःवर भाष्य करू लागतात आणि जे सूचित व्हायचे ते उच्चारले जाते. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली, ‘ययाति’नंतर अवघ्या चार वर्षांनी. काहीच समजावून न सांगणाऱ्या त्या निवेदकाच्या शेजारी खांडेकरांचे निवेदक एका वेगळ्या युगातले वाटतात.

असे असले तरी या आक्षेपाला दुसरी बाजू आहे. ज्या समाजात कादंबरी वाचणे हा वेळेचा अपव्यय समजला जाई, मुलींच्या हाती ती पडू नये म्हणून घरात पहारा असे, त्या समाजात कादंबरी म्हणजे गंभीर विचाराचे आणि परिश्रमाचे काम आहे हे कोणीतरी समजावून सांगणे आवश्यक होते. खांडेकरांच्या प्रस्तावनांनी ते काम केले. ज्यांनी पुढे त्यांना नाकारले, त्यांच्यापैकी अनेकांनी कादंबरीकडे गांभीर्याने पाहायला प्रथम खांडेकरांकडूनच शिकले होते.

== अखेरची वर्षे ==

१९६८ मध्ये भारत सरकारने खांडेकरांना पद्मभूषण किताब दिला. १९७० मध्ये साहित्य अकादमीने त्यांची सन्माननीय सदस्य म्हणून निवड केली. ज्ञानपीठ जाहीर झाले तेव्हा त्यांची दृष्टी पूर्णपणे गेलेली होती.

अंधत्वाने त्यांचा वाचनाचा आनंद हिरावून घेतला, आणि वाचनावर जगलेल्या माणसाला हा आघात लेखन थांबण्याहून मोठा होता. तरीही लेखनिकाच्या साहाय्याने त्यांचे काम चालू राहिले. ज्याने आयुष्यभर स्वतःच्या हाताने लिहून, खोडून, पुन्हा लिहून वाक्य घडवले, त्याला आता संपूर्ण वाक्य आधी मनात सिद्ध करून मग उच्चारावे लागे. मागील पान डोळ्यांपुढे धरून पाहण्याची सोय नव्हती. कथानकाचे धागे, पात्रांची वये, प्रसंगांचा क्रम हे सर्व स्मरणात ठेवूनच पुढे जायचे. या अवस्थेत लिहिल्या जात असलेल्या कादंबरीचा पूर्ण झालेला भाग ‘सोनेरी स्वप्नं भंगलेली’ या नावाने त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. ‘एका पानाची कहाणी’ हे आत्मचरित्रही मरणोत्तर, १९८१ मध्ये आले. ते त्यांच्या जीवनाच्या पूर्वार्धापाशीच थांबते. आपल्या कादंबऱ्यांची जन्मकथा सांगणाऱ्या या लेखकाची स्वतःची कथा अर्धीच राहिली. तिचा उरलेला भाग प्रस्तावनांमधून वेचून जुळवावा लागतो.

१९७६ मध्ये शिवाजी विद्यापीठाने त्यांना डी.लिट्. ही सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी २ सप्टेंबर रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले.

डॉ. सुनीलकुमार लवटे यांनी खांडेकरांचे विखुरलेले आणि असंकलित लेखन संपादित करून अनेक खंडांत प्रसिद्ध केले. १९९८ या जन्मशताब्दी वर्षात भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय आहे. शिरोड्यातही, ज्या शाळेत त्यांनी अठरा वर्षे शिकवले तिच्या परिसरात, त्यांचे स्मारक जतन केलेले आहे.